सुराच्या आधी

१

माझ्या नवऱ्याला छंद होतात. सर्दी व्हावी तसे होतात आणि सर्दीसारखेच आपोआप बरेही होतात. मागे उरतं ते सामान. माशांची काचेची टाकी, त्यात मासे नाहीत. दुर्बीण आणि तिचा तिपायी स्टँड. बुटक्या झाडांची ताटं, झाडांच्या काड्यांसकट. व्यायामाची सायकल, जिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. अर्धवट चिकटवलेली विमानं. मुलगी लग्न होऊन गेली आणि तिची खोली रिकामी झाली, तसं हे सगळं एकेक करून त्या खोलीत गेलं. मला कुणी विचारलं नाही. "तात्पुरतं ठेवतोय गं," एवढंच.

मला छंद एकच होता. डबल बास. व्हायोलिनच्याच घराण्यातला, पण माणसाहून उंच. उंच स्टुलावर टेकून, कवेत घेऊन, जाडजूड गजाने वाजवायचा. त्याचा आवाज कानांपेक्षा पोटात जास्त कळतो. लग्नानंतरही काही वर्षं मी एका हौशी वाद्यवृंदात वाजवत होते. मग मूल, मग नोकरी, मग सासूबाईंचं आजारपण. बास ताईच्या घरी जिन्याखाली जाऊन उभा राहिला आणि तिथेच राहिला. ह्या वर्षी ताई लहान घरात राहायला गेली आणि तिने फोन केला, "तुझं ते धूड घेऊन जा बाई, नाहीतर मी त्याचं कपाट करते."

धूड घरी आलं, तेव्हा नवरा दारात उभा होता. सामान चढवणारी दोन माणसं घामाघूम होऊन जिन्यात थांबली होती.

"आली का म्हैस?" तो म्हणाला. ती माणसं हसली. मग त्यांच्याचकडे बघून, जणू माझ्याबद्दलचा अनुभव त्यांना सांगायलाच हवा, असा म्हणाला, "आठ दिवस. फार तर पंधरा. मग हीसुद्धा कोपऱ्यात."

हे कोण म्हणालं, तर ज्याची सायकल टॉवेल वाळवते तो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या माणसांना म्हटलं, "त्या खोलीत ठेवा." आणि पाण्याचे ग्लास आणायला आत गेले, कारण हातात काहीतरी धरायला हवं होतं.

२

नव्या तारा लावल्या, गजाला राळ घासली आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सरावाला बसले. बोटं ओरडत होती. सूर कुठल्या कुठे पडत होते. तरी सगळ्यांत जाड तारेवर पहिला लांब गज ओढला आणि जमीन हलकीशी थरथरली, तेव्हा मला रडूच यायचं राहिलं होतं.

त्या सुराखाली एक खरखर होती. कागदावर माशी अडकावी तशी, बारीक.

ह्यात नवल काहीच नाही. बास वाजवणाऱ्या प्रत्येकाला हा ताप ठाऊक असतो. खालचा सूर लागला की खोलीतली कुठलीतरी वस्तू त्या सुराला नेमकी जुळते आणि थरथरायला लागते. कधी काचेचं झाकण, कधी पडद्याची कडी. ती शोधायची आणि दाबून बसवायची. मी टाकीच्या झाकणावर हात ठेवला. खरखर थांबली नाही. पण झाकण सैल होतं हे खरं. मी टाकी उचलून बाहेर नेऊन ठेवली.

"ती का काढलीस?" नवरा.

"वाजते."

"मासे आणणार होतो मी."

"कधी?"

"आणणार होतो म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी दुर्बीण बाहेर गेली. मग ताटं. प्रत्येक वस्तूवरून एक भांडण झालं, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक भांडणानंतर मला बरं वाटलं. इतक्या वर्षांचं पोटात साठलेलं एकेक ताट करून बाहेर जात होतं. विमानांचं खोकं मी उचललं, तेव्हा तो दारात आडवा उभा राहिला.

"हे नाही."

"हे सगळ्यांत आधी. ह्यातले पंखे सुटे आहेत."

"तुला खोली हवीये ना, तसं सरळ म्हण की! खरखर-बिरखर काही नाहीये."

"बस इथे आणि ऐक."

तो बसला. मी वाजवलं. खरखर स्वच्छ ऐकू येत होती, माझ्या डावीकडून, बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून. त्याने मान तिरकी केली, ओठ काढले आणि म्हणाला, "वाजतंय छान. म्हशीच्या मानाने."

खोकं बाहेर गेलं.

३

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला घरी बोलावलं. खरखर वाद्यातली असू शकते. सांधा उकलतो, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी तिरकी होते. त्याने सगळीकडे बोटाने ठोकून पाहिलं, आरसा आत घालून पाहिलं. "वाद्य धडधाकट आहे," तो म्हणाला. मी त्याला वाजवायला सांगितलं. त्याने खालचा सूर ओढला. खरखर नाही. मी ओढला. आली.

"आली ना? ऐकलीत?"

तो पिशवी भरत होता. "खोलीतलं काहीतरी असेल, ताई," म्हणाला आणि चहालासुद्धा थांबला नाही.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "तुझ्या कानात असेल."

आता हे कुणाला? मी कानांची तपासणी करते. हेच माझं पोटापाण्याचं काम. कान-नाक-घशाच्या दवाखान्यात माझी एक खोली आहे, त्या खोलीत जाड भिंतींची, आतून स्पंज लावलेली एक बंद केबिन आहे. माणूस आत बसतो, कानाला हेडफोन लावतो, बाहेरून मी बारीक बारीक आवाज सोडते. ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं. दाबलं की माझ्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. मधे दुहेरी काच. कुणाला खरंच ऐकू येतं, कोण अंदाजाने दाबतो, कुणाच्या कानात नुसताच नाद घुमतो, हे मी त्या काचेतून सांगते. आणि मला हा सांगतोय.

तरीही मी दुसऱ्याच दिवशी सहकारी बाईंना सांगून स्वतःचे कान तपासून घेतले. शंका आली की ती फेडून घ्यावी, अशा मताची मी आहे. माझ्या वयाला न शोभण्याइतके चांगले निघाले. आलेख मी जेवणाच्या टेबलावर त्याच्या ताटाशेजारी आपटला.

त्याने तो उलटसुलट पाहिला. "मग डोक्यात असेल," म्हणाला.

पुढच्या सुट्टीला मी ती खोली सोलून काढली. सायकल, कपाट, पलंग, पडदे, पडद्यांचे दांडे. भिंतीवरचं घड्याळ. दिव्याचं झाकण. दाराची कडीसुद्धा पेचकसने काढली. नवरा बाहेर सोफ्यावर, आपल्या सगळ्या छंदांच्या मधोमध, बुडत्या बोटीवरून वाचवलेल्या सामानात बसल्यासारखा बसून होता. भांडला असता तर बरं झालं असतं.

४

आता चार भिंती, फरशी, खिडकीची काच, स्टूल, बास आणि मी. खिडकी मी कागद कोंबून घट्ट केली.

खालचा सूर ओढला. डावीकडून, डोक्याच्या उंचीवरून, तसंच.

मी थांबले. गज मांडीवर ठेवला आणि स्वतःशी रीतसर विचार करायला लागले. शेजारच्या घरातलं काही? त्या बाजूला शेजार नव्हता, बाहेरची भिंत होती. भिंतीतला पाइप? पाइप स्वयंपाकघरातून जातो. मग मी सवयीने वागले. रोज लोकांचे कान तपासते तसं कान देऊन ऐकलं. काय ऐकू येतंय हे न ठरवता नुसतंच ऐकलं.

ती खरखर नव्हती. वस्तू थरथरते तेव्हा तिला श्वास नसतो. ह्याला होता. कुणीतरी तोंड मिटून, दात एकावर एक ठेवून गुणगुणत होतं. आपल्याला न आवडणारं गाणं दुसरा म्हणत असताना माणूस चिडून त्याच्यावर आपला सूर दाबतो, तसं.

आणि ते आधी येत होतं. पापणी लवायला लागते तेवढंच आधी, पण आधी. गज तारेला टेकायच्या आत गुणगुण सुरू, मग माझा सूर येऊन तिच्यावर बसायचा. म्हणून तर मला ती इतके दिवस सुराची सावली वाटली होती.

मी गज उचलला, तारेजवळ नेला आणि ओढलाच नाही.

खोलीत सूर लागला. माझा नव्हे. हळूच, मिटल्या तोंडाचा. आणि मी वाजवत नाही असं लक्षात आल्यासारखा तुटला.

आपल्याला हवं ते ऐकू येतं, हे मी रोज पेशंटना सांगते. म्हणून पुन्हा करून पाहिलं. ह्या वेळी जाड तारेवर बोट ठेवलं, तिथे वाजवायचं असं मनाशी पक्कं केलं, आणि गज टेकता टेकता हात झटकन दुसऱ्या तारेवर नेला. म्हटलं, फसव आता.

गुणगुण आली ती दुसऱ्या तारेची होती. मी मन बदलण्याआधीच तिने ते बदललेलं होतं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण वर आला तो रागच. इतक्या वर्षांनी मला एक खोली मिळाली होती. चार भिंती, त्याही भांडून. आणि तिथेही कुणीतरी माझ्या आधी बोलत होतं.

"गप्प बस!" मी ओरडले.

बाहेरून नवरा म्हणाला, "मी कुठे काय बोललो?"

५

दार उघडून मी त्याला दंडाला धरून आत आणलं. दुपार कलली होती, पडदे नव्हते, उन्हाचा रुंद पट्टा खोलीभर तिरका पडला होता.

"इथे उभा राहा. इथे, डावीकडे. आणि काही ऐकू येत नाही असं म्हणालास ना, तर बघ."

"अगं, पण..."

"उभा राहा!"

तो राहिला. हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. मी जाड तारेवर गज ओढला आणि ओढतच राहिले, इतक्या जोराने की गजावरची राळ पांढरी भुकटी होऊन उडाली आणि उन्हात तरंगायला लागली. सगळा पट्टा कणांनी भरून गेला.

एका जागी कण नव्हते.

नवऱ्याच्या डाव्या खांद्याशी. धूळ तिथपर्यंत यायची आणि बाजूने वळून जायची, नदीचं पाणी दगडाला वळसा घालतं तशी. ती मोकळी जागा माणसाच्या उंचीची होती. वरचा भाग वाकलेला होता, पुढे, त्याच्या कानाकडे. मी बघत होते आणि माझा हात आपोआप गज ओढत होता.

मग ती जागा बुजली. कण आत सांडले, सगळीकडे सारखे झाले. नवऱ्याने डाव्या कानात करंगळी घालून जोरात हलवली. "चिलट गेलं वाटतं," म्हणाला.

मी थांबले. खोलीत माझ्या सुराची शेवटची थरथर विरत गेली आणि तिच्याखाली काहीच नव्हतं. काहीही नाही. नुसती स्वच्छ, रिकामी शांतता.

"मला तर काहीच ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "जाऊ मी?"

६

त्यानंतरचे आठवडे मी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं तसं वाजवलं. खोली गप्प होती. डोळ्यांनी पाहिलेलं मी डोळ्यांवर ढकललं; ऊन, धूळ, रागाने चढलेलं डोकं. वाद्यवृंदात परत गेले. तिथला कंडक्टर (बसचा नव्हे, हातात काठी घेऊन वाद्यवृंद चालवणारा) माझ्या मुलीच्या वयाचा आहे. पहिल्या दिवशी त्याने मला "मावशी, तुम्ही मागे बसा, झेपेल तेवढं वाजवा" म्हटलं होतं. आता तो म्हणाला, "मावशी, पुढे या." तो "मावशी" तेवढा गिळला मी.

घरी नवरा गुणगुणायला लागला होता.

दाढी करताना, भाजी निवडताना, तोंड मिटून, एकच खालचा सूर. मी कान दिला नाही. माणसं गुणगुणतात. मग एका संध्याकाळी मी विचारणार होते की चहा टाकू का, तर तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "नको, आत्ताच घेतला." मी विचारलेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात असं होतंच, असं मी स्वतःला सांगितलं. पण आमच्या संसारात ते कधीच झालं नव्हतं. हा माणूस माझं वाक्य कधी शेवटपर्यंत ऐकत नसे, ही माझी जन्माची तक्रार. आता ते सुरू होण्याआधीच उत्तर मिळायचं. "पिशवी दारामागे आहे." "हो, बिल भरलं." "तिला उद्या कर फोन." आवाज सपाट. माझ्याकडे न बघता.

बोलायला तोंड उघडावं आणि आत काही उरलेलंच नसावं, ह्याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट नाही. मी एकदा ताट ढकलून दिलं. "मला बोलू देशील का?" हे म्हणणार होते.

"बोल ना," तो आधीच म्हणाला.

मुलीचा फोन आला. "आई, बाबांना काय झालंय? मी काही विचारायच्या आत सांगून मोकळे होतात. गंमत वाटली आधी. आता... तू जरा दाखवून आण ना त्यांना कुणाला तरी."

सोफ्याभोवतीचं ते सगळं सामान तसंच पडून होतं. त्याने कशालाच हात लावला नव्हता. नवा छंदही धरला नव्हता. सरावाच्या वेळी तो खोलीच्या दाराबाहेर खुर्ची ओढून बसायचा. मी दार उघडलं की दिसायचा. डावा कान दाराकडे.

७

कानात नाद असणारी माणसं मी पाहिली आहेत. आतला आवाज सहन होत नाही म्हणून ती नकळत त्याच सुरात गुणगुणतात. ह्याचंही तसंच असणार. ह्या एका आशेवर मी त्याला सुट्टीच्या दिवशी दुपारी दवाखान्यात नेलं. कुणी नव्हतं. त्याला केबिनमध्ये बसवलं, हेडफोन लावले, बटण हातात दिलं, दार लावलं आणि काचेच्या अलीकडे माझ्या जागी बसले.

पहिला आवाज सोडला. हिरवा दिवा लागला. दुसरा, तिसरा. ठीक. अगदी बारीक केला, तरी दिवा. ह्या वयात इतकं चांगलं ऐकू येत नाही. मग मला कळलं की दिवा माझ्या बोटाच्या आधी लागतोय.

काही पेशंट लय पकडतात आणि अंदाजाने दाबत सुटतात. त्यावर उपाय सोपा, लय मोडायची. मी मोडली. थांबले, लागोपाठ दोन सोडले, पुन्हा थांबले. प्रत्येक वेळी दिवा आधी. वायर सैल असेल म्हणून वायर बदलली. दिवा आधी.

मी दोन्ही हात यंत्रावरून काढून मांडीवर ठेवले. नुसतं मनात आणलं, डावा कान, खालचा आवाज.

दिवा लागला.

मी मान वर करून काचेतून पाहिलं. नवरा समोर बघत बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे. बटण त्याच्या हातात नव्हतं. त्याने ते केव्हाच बाजूच्या आकड्याला अडकवून ठेवलं होतं, आणि ते तिथे लोंबत होतं, स्थिर.

बाहेर ये, असं म्हणायला मी माइक सुरू केला आणि तोंड उघडलं.

"नाही," स्पीकरमधून आवाज आला.

नवऱ्याचे ओठ मिटलेले होते. आवाज त्या सुरातला होता, मिटल्या दातांमागचा. आणि त्याच्या डाव्या कानामागे भिंतीच्या स्पंजमध्ये एक खळगा पडलेला होता, कुणी डोकं टेकून बसावं तेवढा. माझ्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरून आला. जे काही तिथे टेकलं होतं ते पुढे, त्याच्या कानाकडे झुकलं होतं.

मी दार उघडलं. त्याला कॉलरला धरून, हेडफोनसकट, बाहेर खेचलं आणि दार पाठीने लोटून दिलं. तो धडपडत माझ्या टेबलावर आपटला.

"अगं ए! काय चाललंय? मला काही ऐकूच येईना, म्हणून ठेवून दिलं ते बटण. त्यात एवढं काय?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. मनात एक प्रश्न घोळवला. अगदी साधा. किल्ल्या तुझ्याकडे आहेत का? जोर लावून घोळवला, तो उत्तर देतो का पाहिलं.

"काय बघतेस? बोल की," तो म्हणाला. त्याचा जुना, वैतागलेला, माझं काहीही न कळणारा आवाज. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली.

त्याच्या कोपराशेजारी, यंत्रावर, हिरवा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

केबिन रिकामी होती. उद्या सकाळी तिथे शाळेतली मुलं येणार होती, रांगेने, एकेक करून त्या खुर्चीत बसायला. लहान मुलांचे कान फार चांगले असतात.

मला संताप आला. माझी खोली घेतली. माझा माणूस घेतला. आता माझं कामही घेणार? "तू इथेच थांब," मी नवऱ्याला म्हटलं. "काही झालं तरी दार उघडू नकोस."

"कुठे चाललीस?"

मी आत गेले आणि दार ओढून घेतलं. त्या केबिनमध्ये बाहेरचं काही ऐकू येत नाही. आपलं रक्त ऐकू येतं. खुर्ची गरम होती. मी बसले, मान ताठ ठेवली, काचेतून नवऱ्याचे हलणारे ओठ बघत राहिले. डावीकडे स्पंज हळूच दबल्याचा आवाज आला. मग गुणगुण, इतक्या जवळ की कानाच्या लवेला कळली.

"बसलास ना?" मी म्हटलं. "बस. पण आता मी सांगेन तसं." आणि ज्या रागाने गज ओढते त्याच रागाने, मिटल्या तोंडाने, मी तोच सूर धरला. त्याच्यावर दाबून धरला. श्वास संपेपर्यंत.

शेवटी शेवटी केबिनमध्ये मी एकटीच गुणगुणत होते.

८

घरी जाताना गाडी तो चालवत होता. ऊन छान पडलं होतं. कितीतरी दिवसांनी तो बडबडत होता, सिग्नल का लागतात इथपासून ते दवाखान्याचा रंग कसा भिकार आहे इथपर्यंत, आणि मी हूं हूं करत होते. बरं वाटत होतं. यंत्रावरचा दिवा निघताना मी कितीतरी वेळ बघून आले होते. लागला नव्हता. मुलं निर्धास्त बसू शकतील, असं मनात येत होतं.

"नाही," मी म्हटलं. "मधमाश्या नाही पाळायच्या. गच्चीत तर मुळीच नाही."

त्याने सिग्नलला गाडी थांबवली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. चेहऱ्यावरचा सगळा उत्साह निघून गेला होता.

"अगं, मी अजून काही बोललोच नाहीये."

सिग्नल हिरवा झाला, तरी तो माझ्याकडेच बघत होता. मी दोन्ही हात कानांवर गच्च दाबून धरले. मग मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.